वाढलेली बांगडी

सावंगीच्या रस्त्यावर मेथी-सांभार अशी पालेभाजी विकणाऱ्या बाईचा मला हेवा वाटतो. ती मुलगा म्हणून जन्मली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. भाजी तोलतानाही ती साडीच्या निऱ्या सांभाळते. कुणी ‘ओ ताई’ म्हणालं, की ऐकूच न आल्यासारखं करते, म्हणजे पुन्हा हाक येते.

काल बांगड्यांच्या दुकानात ती माझ्याआधी बसली होती. तिचा हात रुंद. दुकानवाली दाबून चढवत असताना काचेची बांगडी तडकली.

“फुटली,” मी म्हणाले. थोडं बरंही वाटलं.

“फुटली नाई म्हणू, बाई. वाढली म्हणा.”

हा शब्द मला सासूने चारचौघांत खडसावून शिकवला होता. हिने तो हौसेने उचलला, आणि मलाच शिकवून राहिली होती.

“दुसरी भर,” तिने दुकानवालीला सांगितलं. “मोरपंखीच पायजे मले.” मग माझ्याकडे वळली. “तुमाले कोणता रंग आवडते?”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. हिरव्या होत्या, सासूने भरवलेल्या.