चार मिनिटांचा निरोप

शेजारच्या गच्चीवर सोलर चढताना पाहिलं, की मला थोरला भाऊ आठवतो. वडीगोद्रीच्या शेतात त्यानं सोलर पंप बसवला आणि घरच्या ग्रुपवर त्याचे गुण गायला लागला. मी जालन्यात पंख्याखाली बसून देशाच्या विजेची चिंता वाहणारा माणूस. आभाळ आलं तर काय, बिघडला तर काय, असे क्रमांक घालून मुद्दे टाकत सुटलो. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून त्यानं चार मिनिटं बोलून पाठवलं. "बसल्या जागी लई शहाणा झाला रे तू! रात्रीची लाइट आली की पाण्याची दारं धरायला इच्चूकाट्यात तू येतू का?" एवढं अर्धं मिनिट ऐकूनच मी तापलो आणि उत्तर लिहायला घेतलं. रविवारी सासरच्या लग्नाला बीडला निघालो, तरी एसटीत ते चालूच होतं. वडीगोद्रीला गाडी थांबून सुटली, माझी मान काही वर झाली नाही. नंतर भाऊ ग्रुपवर गप्पच झाला. मला वाटलं, जिंकलो. चार महिन्यांनी तो गेला. दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या रविवारी उतरले न्हाईत तुम्ही. मोसंब्याची थैली घेऊन हे दुपारभर फाट्यावर बसल्ते. म्हणले, भांडण ग्रुपवर, घरी न्हाई. रविवारी उतर म्हणून बोलून पाठवलं होतं की तुम्हाला, त्या निरोपाच्या शेवटी." आता कुणाचाही निरोप मी शेवटपर्यंत ऐकतो. त्याचा मात्र अजून अर्ध्या मिनिटाच्या पुढं ऐकवत नाही.