शेवयांचे आगाऊ पैसे

शहाऐंशी साल असेल. मे महिना, आमचं बोरी. परभणीच्या नर्सिंग कोर्सला नंबर लागल्याचं पत्र आलं आणि मी ते अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं... सोमवारपर्यंत हॉस्टेलचं डिपॉझिट भरा, नाहीतर जागा दुसरीला, ही शेवटची ओळ मात्र जरा हळूच वाचली.

घरात माय आणि मी, दोघीच. वडील मी लहान असतानाच गेले. मायचं हाताने फिरवायचं शेवयांचं मशीन होतं, त्यावरच आमचं चालायचं.

कापसाचे पैसे घरात आले की गावातल्या बायका शेवयांची मजुरी मायकडे आधीच देऊन ठेवायच्या. उन्हाळ्यापर्यंत तो पैसा घरात टिकणार नाही, हे प्रत्येकीला पक्कं माहीत!

मायला लिहिता येत नव्हतं. ज्या बाईचे पैसे, तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी ती मागून घ्यायची आणि पुरचुंडी बांधून डब्यात ठेवायची. वाळलेल्या शेवया त्या बाईच्या हातात पडल्या, की मगच तिची पुरचुंडी सुटायची.

त्या डब्यात माझ्या डिपॉझिटपेक्षा जास्तच पैसे होते... मी म्हटलं, घेऊ या ना. माय म्हणाली, "ते आपले न्हाईत अजून."

असा संताप आला मला! महिनाभरात आपलेच तर होणार होते. शेजारच्या रुक्मिणमावशींकडे जाऊन ढसाढसा रडले. मावशी हातातलं काम टाकून मायकडे आल्या.

"कौसाबाई, खर्चा की. आमी काय नको म्हणायलोत का?"

"तुमी नको म्हणणार न्हाईत वो. पण उद्या मी पडले, मशीन मोडलं, तर बायांना काय देऊ?"

मावशी उठून निघून गेल्या. मला वाटलं, संपलं... गेली आपली जागा.

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर अंगणात बायकांची ही गर्दी! प्रत्येकीच्या डोक्यावर रव्याचं टोपलं. ज्यांचा नंबर पंधरा दिवसांनी होता, त्यासुद्धा आल्या होत्या. एकीचा रवा चाळायचा राहिला होता, ती तिथंच चाळत बसली.

माय मळत होती आणि हँडल मावशींनी धरलं, ते दोन दिवस सोडलं नाही. बाकीच्यांनी घरून खाटा आणल्या, त्यावर शेवया पसरल्या.

रविवारी दिवस मावळताना एकेकीच्या हातात वाळलेल्या शेवया देत मायनं एकेक पुरचुंडी सोडली आणि पैसे माझ्या ओंजळीत ठेवले. "आता आपले," म्हणाली. सोमवारी पहिल्या एसटीनं जाऊन मी डिपॉझिट भरलं.

निघायच्या आधी मावशींच्या पाया पडले. तर म्हणतात कशा, "अगं, ऊन बरं पडलंय म्हणून आलो." मे महिन्यात, बोरीत! आणि हे बोलताना दोन्ही हात पदराखाली... तळहातांना फोड आले होते, ते मला कितीतरी दिवसांनी मायकडून कळलं.

नोकरीत जन्मभर लोकांच्या जखमांना पट्ट्या बांधल्या. मावशी, तुमच्या हातांना तेवढी बांधायची राहून गेली.