घट्ट धरलेलं लेकरू

टेंभुर्णीत संध्याच्या हाताची पकड सगळ्यांना ठाऊक होती. गोठ्यातून सुटलेल्या म्हशीचं दावं तिच्या मुठीत आलं की म्हैस आपोआप थांबायची. माहेरी, परतूरला, तिचे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे, त्यामुळे पोत्याला हूक कुठं लावायचा हे ती अक्षरओळखीच्या आधीच शिकली होती. लग्न होऊन टेंभुर्णीला आली आणि कापूस वेचायला, निंदायला, पाणी भरायला लागली. नवरा मिथुन गावातल्या बागायतदार काकासाहेबांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बऱ्याच वर्षांनी झालेली यशू तीन वर्षांची. तिला ताप आला तरी संध्या रात्रभर जागायची, पण तिला घेऊन ट्रॅक्टरवर बसताना मात्र ती निर्धास्त असायची.

"पोरीला मडगार्डवर घेऊन बसती, भ्या वाटत न्हाई का गं?" शेजारची उषाबाई विचारायची.

"माझ्या हातात असती ना. मंग काय भ्यायचं?"

आणि ते तिला मनापासून खरं वाटायचं. एका हातानं मडगार्डची सळई धरायची, दुसऱ्या हाताच्या विळख्यात पोर. बायका अशाच बसतात, लेकरं अशीच वाढतात.

त्या दिवशी ट्रॉली कापसानं शिगोशिग भरली होती. जिनिंग कारखान्याच्या वाटेवर दवाखाना होता, म्हणून यशूला दाखवायला संध्याही निघाली. गावाबाहेर नाल्याकडं जाणारा लांबलचक उतार आहे. तिथं मिथुननं नेहमीसारखं गेर काढून न्यूट्रल मारलं. त्या भागातले सगळे ड्रायव्हर मारतात. डिझेल वाचतं, इंजिनाची धडधड कमी होते आणि ट्रॅक्टर पाण्यातल्या होडीसारखा सरकतो. यशूला ते फार आवडायचं. ती हसायला लागली.

"आई, जल्दी, जल्दी!"

"ऐकलं का? तुमची लेक ड्रायव्हर होऊन राह्यली," संध्या म्हणाली.

मिथुन हसला. तेवढ्यात खालच्या पुलावर मेंढ्या आल्या. कचरू धनगराचा अख्खा कळप, पुलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मिथुननं ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची चाकं आवळली, पण ट्रॉलीला कुठं ब्रेक असतो? मागचा सगळा भार आपल्या वेगानं येतच राहिला आणि त्यानं ट्रॅक्टरला पुढं रेटलं. गेर पडेना. मिथुन दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून जवळजवळ उभा राहिला, तरी पूल जवळ येत होता.

"संध्या, धर तिला!"

तिनं धरलेलंच होतं. आणखी आवळलं. यशू कळवळली इतकं आवळलं.

मिथुननं स्टेअरिंग वळवून ट्रॅक्टर कडेच्या नांगरटीत घातला. काळ्या मातीत पुढची चाकं रुतली आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

ट्रॅक्टर थांबला, यशू थांबली नाही.

संध्याला नंतर कितीही आठवलं तरी तो क्षण नीट सापडत नाही. कोणी पोरीला ओढलं नव्हतं, ढकललं नव्हतं. पण तिच्या हातातलं बारा किलोचं लेकरू एकाएकी क्विंटलभराचं पोतं झालं. ट्रॅक्टरबरोबर पळणाऱ्या त्या इवल्या अंगात त्याचा सगळा वेग होता. ट्रॅक्टरला मातीनं अडवलं, पोरीला अडवायला होता तो फक्त आईचा एक हात. तो उघडला. तिनं उघडला नव्हता, उघडला गेला. मिटलेली मूठ कोणी बोटं मोडून उघडावी, तसा. स्वतः संध्या सळईला लोंबकळत राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोरून यशूचा पिवळा फ्रॉक बॉनेटच्या पुढं गेला.

मागं ट्रॉली कलली आणि कापूस ओतला गेला. मग सगळं शांत. मिथुन स्टेअरिंगला धरून तसाच बसला होता.

संध्या उतरली का पडली, तिला माहीत नाही. ट्रॅक्टरच्या पुढं, भुसभुशीत ढेकळांत, यशू पालथी पडलेली. संध्या तिच्याजवळ गेली आणि हात लावायचा तिला धीरच होईना. तेवढ्यात पोर आपणच उताणी झाली. तोंडात माती, ओठ फुटलेला. श्वास आत ओढला आणि असा टाहो फोडला की पुलावरच्या मेंढ्या बुजल्या.

तो आवाज ऐकून संध्या मातीत मटकन बसली.

कचरू धावत आला. यशूला उठवलं, हातपाय हलवून पाहिले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि मग संध्यावर उखडला. "लेकराला धरता येत न्हाई का गं तुला? एवढी धट्टीकट्टी बाई, अन् पोर सोडून दिली!"

"म्या सोडली न्हाई, बाबा." संध्या आपल्या तळव्यांकडं बघत होती. "बिलकुल सोडली न्हाई. धरूनच राह्यल्ते."

"मंग ती काय पाखरू हाय उडायला?"

"तिला नका बोलू," मागून मिथुन म्हणाला. तो येऊन उभा होता. "न्यूट्रल म्या मारलं. तिनं धरल्ती. मला दिसली ना तिची बोटं, पांढरीफट पडल्ती."

कचरू मेंढ्यांकडं वळला.

थोड्या वेळानं दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून त्यांचा ट्रॅक्टर बाहेर काढला. कापूस परत भरायला माणसं आली. मिथुननं इंजिन चालू केलं आणि हात पुढं केला.

"चल. पोरीला डॉक्टरला दाखवू. आता गेरमधीच नेतो, अगदी हळू. तू घट्ट धरून बस."

संध्यानं नकारार्थी मान हलवली.

"माझ्या धरण्यानं काही होत न्हाई," ती म्हणाली. इतक्या सपाट आवाजात, की मिथुनला तिची भीती वाटली. "तिचा जीव माझ्या हातात हाय, असं मला वाटायचं. न्हाई हो, माझ्या हातात न्हाईच."

तिनं यशूला कडेवर घेतलं आणि रस्त्याच्या कडेनं दवाखान्याकडं चालू लागली. मिथुन बघत राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं, चावी तिथल्याच एका माणसाच्या हातात दिली आणि तिच्या मागं निघाला.