उंदरांच्या खोलीचं दार

आई मंगळवारी गेली. आमच्या बौद्ध रीतीचा जलदानविधी झाल्यावर मी प्रयोगशाळेत परतले. उंदरांच्या खोलीच्या दारात सरांनी हात आडवा धरला.

"सुतकातून आलीस ना? आधी अंघोळ. मग आत."

"आमच्यात सुतक पाळत नाहीत, सर."

"तेच तर. तुमच्यात काहीच पाळत नाहीत."

आत रोहन हसला. सरांचा दुसरा विद्यार्थी.

त्या खोलीतले उंदीर आम्हीच दुबळे केलेले असतात. रुग्णाच्या गाठीचा तुकडा उंदराच्या मूत्रपिंडावरच्या पातळ पडद्याखाली ठेवायचा, केमोचं औषध द्यायचं, तुकडा आक्रसतो का ते मापायचं. पण धडधाकट उंदीर परका तुकडा ओळखतो. त्याच्या पेशी तुकड्याला वेढतात. मग आपण मापतो ती गाठ, की उंदराचा नकार, हे कळत नाही. म्हणून आधी त्याची प्रतिकारशक्ती दाबायची. त्यानंतर बाहेरचा साधा जंतूही त्याला सोसत नाही. अंघोळ, धुतलेला गाऊन, टोपी. नियम खरा होता. मी तो कधी मोडला नाही. फक्त तो माझ्या एकटीला होता.

पडेगावच्या घरी आईचीही केमो चालू होती. तिच्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. खोलीत शिकलेलं मी घरी आणलं. अंघोळीशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. तोंडाला मास्क. उकळलेल्या पाण्याचा पेला स्टुलावर ठेवायचा आणि मागं सरायचं.

आई लहानपणी दौलताबादकडं एका मालकाच्या शेतावर जायची. तिथं पाणी वरून ओंजळीत मिळायचं.

एकदा ती पेल्याकडं बघत राहिली.

"तू बी लांबूनच देती व्हय गं?"

मी समजावलं. पेशी, जंतू, सगळं.

"व्हय बाई. त्ये बी तसंच म्हणायचे. समद्यांच्या भल्याचं हाय म्हणायचे."

तरी ताप आलाच. शेवटी तिचा हात धरला तेव्हा माझ्या हातात रबरी मोजा होता.

हे सगळं त्या दारात उभं राहिलं. आत रोहन रस्त्यावरच्या बुटांनी पिंजऱ्यावर वाकला होता. टोपी नाही, गाऊन नाही.

"आणि हा, सर?"

"त्याच्या घरचं वळण मला माहीत आहे."

मी गेले. अंघोळ केली. गाऊन, टोपी घालून परत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

"रोहन, बाहेर ये. तूही अंघोळ कर. सर, तुम्हीपण. तोवर मी पिंजऱ्याला हात लावणार नाही. या मापांवर माझं नाव लागणार नाही."

"डोकं ठिकाणावर नाही तुझं. आई गेलीय म्हणून सोडतो."

"सोडू नका," मी म्हणाले.

काम आता रोहनकडं आहे. मी लेखी तक्रार दिली आहे. ती मागं घे, असं सांगायला तिघं-चौघं येऊन गेले.

आई नाही. तिला उघड्या हातानं शिवायचं राहून गेलं. रोज सकाळी मी अंघोळ करून, गाऊन घालून त्या दाराशी उभी राहते. नियम सगळ्यांना लागेपर्यंत उभी राहणार आहे.