थर्मासवरचं टोपडं

बायको गेल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यात उरलेल्या लोकरीच्या दोन पिशव्या निघाल्या. नात्यागोत्यात कुणाचंही बाळंतपण असो, स्वेटर आणि टोपडं हिच्या हातचं ठरलेलं. त्यातून मागं राहिलेले हे गुंडे. पिवळे, आकाशी, पोपटी. बरेच महिने मी त्यांना हात लावला नाही. मग सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी दिसली: महापालिकेच्या प्रसूतिगृहात गरीब बायकांच्या बाळांसाठी गरम टोपडी हवी आहेत. मुंबईत थंडी कसली, असं आपण म्हणतो. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाला मुंबईचंही वारं सोसत नाही, हे आमच्या मुलाच्या वेळी तिनंच मला सुनावलं होतं.

मोबाइलवर बघून मी विणायला शिकलो. सगळा जन्म कचेरीत गेलेला, सुया धरल्या की बोटं आखडायची. दुपारी पडदे ओढून बसायचो आणि बेल वाजली की सगळं उशीखाली. मुलुंडला आमचा सकाळचा कट्टा आहे. तिथल्या मित्रांना कळलं असतं तर त्यांनी मला जन्मभर 'ताई' म्हणून हाक मारली असती.

पहिली टोपडी घेऊन गेलो तेव्हा सिस्टरनं विचारलं, "काकींनी विणली वाटतं?"

मी मान हलवली. ती नाही हे सांगितलं असतं, तर मग विणली कुणी, हेही सांगावं लागलं असतं. त्याची लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. पुढे दर खेपेला सिस्टर "काकींना नमस्कार सांगा" म्हणायची आणि मी "हो, हो" करत काढता पाय घ्यायचो.

असाच एकदा गेलो तर वॉर्डातल्या टेबलावर चहाचा थर्मास होता आणि थर्मासच्या डोक्यावर पोपटी टोपडं. माझं. सिस्टरनं माझी नजर पाहिली आणि जीभ चावली.

"काका, रागावू नका हं. बाळांना ती एकतर मोठी होतात, नाहीतर काठ रुततो, कपाळावर वळ उठतो. आया काढून ठेवतात ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकींना काही बोलू नका. वय झालं की हात चालत नाही. मनापासून करतात, तेच खूप."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक टाका सुटला तरी अख्खा स्वेटर उसवणारी बाई ती. तिनं विणलेली टोपडी भाच्यांनी अजून जपून ठेवली आहेत. आणि मी माझी अब्रू झाकायला हे गबाळं काम तिच्या नावावर खपवलं, वर लोकांना तिची कीव करायला लावली. ती असती तर आठवडाभर माझ्याशी बोलली नसती आणि तिचं बरोबरच असतं.

तिनं शेवटचं विणलेलं एक आकाशी टोपडं घरी होतं, कुणाला द्यायचं राहून गेलेलं. तिच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेलो. नुसतं दाखवायचं, खरं काय ते सांगायचं आणि परत आणायचं, असं ठरवून.

सिस्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं. "अरे वा! काकींचा हात पुन्हा बसला की. झकास!" मी तोंड उघडायच्या आत जवळच्या खाटेवरच्या बाळाला घालूनही मोकळी झाली.

"सिस्टर, हे एवढंच तिचं," मी म्हणालो. "ती दोन वर्षांपूर्वी गेली. बाकीची सगळी मी विणली. तुमच्याशी खोटं बोललो."

बाळाची आजी तोंडाला पदर लावून हसली, "अगो बाय, तुम्ही विणता?" माझे कान तापले. सिस्टर मात्र हसली नाही. टोपडं काढायला ती बाळावर वाकली.

"मग हे तुमच्याकडेच पाहिजे ना, काका."

बाळ झोपलं होतं. काठ कपाळावर नेमका टेकला होता, रुतत नव्हता की सैलही नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो. "कुणी विचारलं तर काकींनी विणलंय म्हणून सांगा."

आणि थर्मासवरचं माझं टोपडं उसवायला घरी घेऊन आलो.