“काकूला विचारते...”

त्या सकाळी बँकेत काउंटरवर असताना यांचा फोन आला. “वहिनी गेली. झोपेतच...” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता केतकीला मीच सांगायचं. आजवर घरातली महत्त्वाची गोष्ट माझ्या मुलीला कळायची ती तिच्या काकूकडून.

सुधावहिनी माझ्या मोठ्या जाऊ. इंदिरानगरच्या घरात त्या वर, आम्ही खाली. नव्वदच्या सुमारास मी लग्न होऊन आले, तेव्हा त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. फ्रीज कुठला घ्यायचा इथपासून सासूबाई त्यांनाच विचारायच्या. मीही दिवसभर आकड्यांतच असायचे, पण मला कधी कुणी विचारलं नाही. केतकी चालायला लागली तशी जिना चढायला लागली. पुढे शाळेतलं काही अडलं की “काकूला विचारते” म्हणत वर पळायची. मी जेवायला हाका मारत राहायचे आणि वरून दोघींचं हसणं ऐकू यायचं... फार हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला सांगू?

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला, तेव्हा केतकी पुण्याला होस्टेलवर होती. टीव्हीवर दिवसभर मृतांचे आकडे. एका दुपारी तिने ताप आल्याचं फोनवर सांगितलं, तेही मला नाही, काकूला! वहिनी खाली येऊन सांगू लागल्या तशी मी ओरडलेच, “आत्ताच्या आत्ता एसटीत बसून ये म्हणावं. किती माणसं मरतायत तिथे!”

“टीव्हीवर सांगतात ते मरणाऱ्यांचं प्रमाण फक्त तपासलेल्यांतलं आहे गं,” त्या म्हणाल्या. “ताप अंगावर काढून बरे झालेले कुणी मोजलेच नाहीत. न तपासता गेलेलेही त्यात नाहीत. म्हणजे दोन्हीकडून हिशेब कच्चा. पण एक दिसतंय, नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं जातात, या वेळी तरुणही जातायत. तिने प्रवासात वेळ घालवू नये, आधी डॉक्टर गाठावा. तसं सांगितलंय मी तिला.”

“तुमची मुलगी असती तर असे आकडे मांडत बसला असतात?”

वहिनी हळूच म्हणाल्या, “देशात काय चाललंय ते आकड्यांवरून थोडंफार कळतं. तिचं काय होईल ते मलाही कळत नाहीये. बॅग भर, आपण दोघी जाऊ.”

आम्ही पोचलो तोवर केतकीला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. औषध वेळेवर सुरू झालं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तोंडाला मास्क लावून आम्ही दारात उभ्या राहिलो. तिने डोळे उघडले. “काकू, तू आलीस?” वहिनींनी मला पुढे केलं, “आई आलीये बघ.” तेही मला सोसलं नाही. माझी मुलगी मला त्यांच्या हातून मिळत होती.

वहिनींना जाऊन आता महिना झाला. त्या दिवशी केतकीला फोनवर मीच सांगितलं. ती आली ती सरळ वर गेली. मी मागोमाग गेले, तर ती काकूच्या पलंगावर उशीत तोंड खुपसून रडत होती. माझ्यासाठी ही एवढी रडेल का, असं वाटून गेलं... मी दारातच थांबले.

“आई, ये ना,” ती म्हणाली आणि जरा सरकली.

वहिनी झोपायच्या तीच बाजू मोकळी झाली होती. तिथे बसवेना. मी खाली फरशीवर बसले आणि तिचा हात धरला.