कोपरामागची केबल

केसांचा ड्रायर लावला की मला अजून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि सेंगकांगच्या जुन्या फ्लॅटमधली ती रविवारची दुपार आठवते. नवरा आणि त्याचा पासिर रिसला राहणारा मित्र मिळून सीमेपलीकडे जोहोरच्या एका शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधत होते, आणि त्याच्या अँटेनाची केबल आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार होत होती. नवरा तिचं काळं आवरण इतक्या हळुवारपणे सोलत होता, की मला त्या केबलचा हेवा वाटला. माझ्या मंगळसूत्राची कडी निखळली तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, लिटिल इंडियात सोनाराकडे दे. एका टोकाला कनेक्टर बसवून त्याने वर प्लॅस्टिकची नळी चढवली आणि माझ्याच ड्रायरने ती तापवून घट्ट केली. मग म्हणाला, "अगं, जरा इथे बस ना." मला खुर्चीत बसवून तो माझ्या कोपरामागून केबल फिरवून बघू लागला, शेजारच्या सीटवरच्या माणसाचा हात तिला लागायला नको होता. किती दिवसांनी तो मला असं निरखून बघत होता. मी उगाच ताठ बसले. विचारलं, "म्हणजे ही माझी सीट?" "छे गं, त्याची," केबलवर खूण करत तो म्हणाला, "तुम्हा दोघांची उंची सारखीच आहे ना." आता ते विमान उडतं. मी त्यात एकदाही बसलेले नाही, पण ती केबल अजून माझ्या कोपराला जागा सोडून जाते.